कोणाचा घोडा सरळ पळतो

सून : बघा ना आई, माझ्या पडद्यावरचा घोडा कसा सुळकन पळतोय!

मुलगा : आणि माझा काय लंगडतोय? आई, खरं सांग.

आई : मला दोन्हीकडे एकच घोडा दिसतोय. बघायचं काय ते तरी सांगा.

सून : मधून फाटतो का ते. आधी त्याचं डोकं पुढे जायचं नि पाय मागे राहायचे. ते फाटणं घालवायला वर्षभर डोकं फोडलंय मी.

मुलगा : तिची दुरुस्ती माझ्या मशीनच्या लिनक्स प्रणालीवर चालली आणि तिच्या मशीनच्या फ्रीबीएसडी प्रणालीवरही चालली, तरच हा प्रोग्रॅम बनवणारे प्रकल्पवाले ती घेणार. तेही आज संध्याकाळपर्यंत.

आई : आणि या दोन्हींत फरक काय?

मुलगा : लिनक्समध्ये रोज काहीतरी नवीन!

सून : रोज काहीतरी नवीन मोडलेलं! फ्रीबीएसडी म्हणजे एकाच हाताने नीट लावलेलं स्वयंपाकघर.

मुलगा : हो, फक्त शेगडी आपली आपण जोडायची.

आई : दोन्ही फुकटच मिळतात ना? मग भांडता कशाला?

सून : फुकट आहेत म्हणून तर मनसोक्त भांडता येतं.

आई : बरं. सुनेचा घोडा जास्त चांगला पळतोय.

सून : जिंकले! जिंकले!

मुलगा : हा सरळसरळ पक्षपात आहे! हा माझा माऊस घे, घोडा स्वतः हलवून बघ.

आई : हलवला. अगंबाई, तिचाही हलला!

मुलगा : काहीतरीच काय!

आई : हे बघ. डावीकडे. उजवीकडे. दोन्ही घोडे माझं ऐकतायत.

सून : अहो... काल सिनेमा बघताना माझ्या पडद्याची वायर कुठे लावलीत तुम्ही?

(दोघं टेबलाखाली शिरतात.)

मुलगा : माझ्याच मशीनला. दोन्ही पडदे माझ्याच मशीनला!

आई : म्हणजे अर्धा तास तुम्ही एकाच घोड्यावरून भांडत होतात?

सून : आई, हसू नका हो, मलाही हसू आवरत नाहीये! पण मग तुम्ही माझा चांगला कसा म्हणालात?

आई : तुझी बाजू घेतली. त्याची जन्मभर घेतलीय.

सून : पण... म्हणजे माझ्या मशीनवर अजून काहीच तपासलेलं नाही. मला भीती वाटतेय. फाटला तर वर्ष वाया.

मुलगा : मी वायर लावतोय. तू सुरू कर.

सून : केलं. मी डोळे मिटलेत. तुम्ही बघा.

मुलगा : मी नाही बघत. मलाही धीर होत नाही.

आई : सरका दोघं. डोकं जागेवर आहे. पायही. शेपटीसुद्धा त्याच्याबरोबरच येतेय.

सून : खरंच? बाजू घेत नाही ना?

आई : डोळे उघड आणि बघ की.

सून : अहो! पळतोय! अख्खा पळतोय!

मुलगा : पाठव, पाठव आधी! मग नाच!

सून : थांबा, 'तपासलं कोणी' असं खाली लिहावं लागतं. आई, तुमचं लिहू?

आई : लिही. नुसतं माझं नाव लिही, पुढे कोणाचं लावू नकोस.