पळत जाणे, बसने येणे

बसच्या रांगेत शिंपीकाकांच्या पुढे एक घामाने निथळणारा तरुण उभा होता. त्याच्याही पुढे उभ्या असलेल्या बाईने सहज मागे वळून पाहिलं.

"अरे, तू? पळायला गेला होतास ना?"

"पळालो की, ताई. घरापासून इथपर्यंत."

"आणि आता?"

"आता बसने घरी."

"वा! म्हणजे अर्धं तू पळतोस, अर्धं ड्रायव्हर पळतो."

"हळूहळूच वाढवायचं असतं. आधी शाळेच्या थांब्यापर्यंत यायचो, आता दवाखान्याच्या."

"थांबा छान निवडलास. पडलास तर आत ढकलायला सोपं."

"हस तू. उद्यापासून बंदच करणार आहे."

"का रे बाबा?"

"आज एक आजोबा मला मागे टाकून गेले. चालत! वर म्हणाले, सावकाश ये, बाळा."

"अरे, पण जिना चढताना तू दोनदा बसायचास. आता?"

"आता एकदाच."

"मग? अजून थोडं पळ, उभ्याने घरात येशील."

बस आली. ताई चढली आणि दारातच वळली.

"तू नाही. पुढच्या थांब्यावर चढ."

"ताई, बस रिकामी आहे!"

"तुझ्यासाठी भरली. काका, तुम्ही या."

शिंपीकाका चढले आणि खिडकीशी बसले. बस हलली.

"काका, बघा हो, येतोय का?"

"येतोय. शिव्या देत येतोय."

"ओरडून?"

"चांगला ओरडून."

"मग दम आहे अजून. कंडक्टरदादा, पुढच्या थांब्यावरही थांबू नका."