लिअँडरदाचं दार

रोवेना: ठेव ते पातेलं खाली, सेलिनामावशी. गाडीत मी चढवते.

सेलिना: का? पातेल्यालाही आता माझ्यापासून धोका आहे?

रोवेना: पातेल्याचं काही नाही. इथं हॉलच्या स्वयंपाकघरात तू ये, कोबी चीर, सलगम सोल, मला दिवसभर शिव्या दे, कुणी अडवणार नाही. फक्त डबा घेऊन कुणाच्या उंबऱ्याशी जायचं नाही. पोलिसांचं पत्र येईपर्यंत.

सेलिना: बावीस वर्षं मी या बंदरातल्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवलंय. पाचजणांचे तर मरताना डोळे मी मिटलेत. तेव्हा कुणी पत्र मागितलं नाही.

रोवेना: तेव्हा सरकार काही देत नव्हतं, म्हणून मागतही नव्हतं.

सेलिना: तेच बरं होतं.

रोवेना: बरं होतं? माझी आई डबा घेऊन जाताना बर्फावर गाडीसकट घसरली तेव्हा? खुबा मोडला तिचा. विमा नाही, भरपाई नाही. चर्चमध्ये सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि ती अजून काठी टेकत चालते. हे बरं होतं?

सेलिना: आयडाचं नाव मध्ये आणू नकोस. तिच्या उशाशी मी बसले होते. तू तेव्हा दूर तिकडं अल्बर्टात, देशाच्या दुसऱ्या टोकाला होतीस.

रोवेना: होते. म्हणून तर परत आले.

सेलिना: आणि आयडा पडली म्हणूनच मी त्या मंत्र्याच्या मागं लागले. नऊ वर्षं. मला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. मी सांगायचे, पोस्टातली ती चष्मेवाली लिहायची. एकदा तो इथं जेवायला आला तर त्याच्या ताटात मासा वाढता वाढता म्हटलं, साहेब, फुकट राबणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभे राहा. पाठीशी उभे राहा म्हटलं होतं गं. पाठीवर बसा नव्हतं म्हटलं.

रोवेना: गाडी दिली ना? गरम पेट्यांसकट? विमा दिला. अठरा म्हाताऱ्यांना रोज ताजं जेवण जातंय. मावशी, हे तू मिळवलंयस. मी नुसती सह्या करते.

सेलिना: मी मिळवलं आणि मलाच बाहेर काढलं. सुनेनं सासूला काढावं तसं.

रोवेना: पोलिसांकडं कुणाच्या नावावर गुन्हा आहे का, ही तपासणी सगळ्यांचीच झाली. माझीसुद्धा. पलीकडच्या बंदरात तो डबा पोचवणारा म्हातारीच्या बोटातल्या अंगठ्या काढून पळाला, त्यानंतर हा नियम आला. तूच म्हणाली होतीस, असल्याला आधी तपासायला हवं होतं.

सेलिना: म्हटलं होतं. अजूनही म्हणते. असल्याला तपासा. मला कशाला?

रोवेना: कारण तुझी जन्मतारीख दुसऱ्या कुणाशी तरी जुळली. देशात कुठंतरी एक बाई आहे, तिनं कधीतरी काही वाईट केलं, शिक्षा भोगली, सरकारनं तिला माफ केलं. तिची तारीख आणि तुझी एकच. ती तू नव्हेस, एवढं फक्त बोटांच्या ठशांनी दाखवायचं होतं.

सेलिना: तिला माफी आणि मला फेरे. आणि ती तारीख तरी माझी आहे का? मी जन्मले तेव्हा बंदर गोठलं होतं. सुईणीला बर्फावरून ओढत आणली होती, लिअँडरदाच्या आईला. पाद्रीबाबांची बोट आली जुलैत. नऊ पोरं रांगेत धरली, सगळ्यांच्या डोक्याला एका दिवशी बाप्तिस्म्याचं पाणी लावलं, आणि वहीत तीच तारीख सगळ्यांचा जन्म म्हणून घातली. नऊ घरांतल्या नऊ आया एकाच दिवशी कळा देत होत्या म्हणे! वर बसून देव हसला असेल.

रोवेना: हे मी फोनवर सांगितलं त्या तपासणीवाल्यांना.

सेलिना: मग?

रोवेना: त्या बाई म्हणाल्या, फार रंजक आहे. पण कागदावर जी तारीख, तीच खरी.

सेलिना: रंजक!

रोवेना: त्या वाईट नाहीत, मावशी. खरंच. अर्धा तास बोलल्या माझ्याशी.

सेलिना: कुणीच वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. तो ठसे घेणारा पोलीस, काय गोड पोरगा. माझी बोटं कोमट पाण्यात बुडवली, मलम चोळलं, काचेवर एकेक ठेवून दाबलं. तीनदा गेले मी शहरात, तीनदा त्यानं चहा पाजला. शेवटी म्हणाला, आजी, यंत्राला तुमची बोटं दिसतच नाहीत. म्हटलं, कशी दिसतील बाबा? एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉड सोलला, खेकडे फोडले, मिठाच्या पाण्यात हात. रेघा होत्या त्या तिथंच वाहून गेल्या.

रोवेना: आता ते हातानं कागद तपासणार आहेत. चार महिने. फार तर सहा.

सेलिना: आणि लिअँडरदा सहा महिने उपाशी राहील.

रोवेना: राहणार नाही.

सेलिना: परवापासून माझ्याऐवजी तू जातेस. परवा जेवला? काल जेवला?

रोवेना: नाही.

सेलिना: आंधळा माणूस आवाजाला दार उघडतो. तुझा आवाज त्याला माहीत नाही. त्याला वाटतं, शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायला आलेली ती कचेरीतली बाई आहेस तू.

रोवेना: माहितीये मला. आणि उद्या नर्स येणार आहे. रोज आपलं माणूस आत जाऊन त्याला जेवताना बघतं, तशी सही करतं, म्हणून त्याला घरी राहू देतात. तीन दिवसांच्या सह्या नसल्या तर ती लिहून देईल, एकट्यानं राहण्याजोगा नाही. मग शनिवारी त्याला वृद्धाश्रमात न्यायला गाडी येईल.

सेलिना: तर मी जाते. तुमची कुणी म्हणून नाही. शेजारीण म्हणून. माझ्या घरचं भांडं, माझे पाय. शेजारणीला कुठला नियम आहे?

रोवेना: शेजारणीला नाही. पण तुझं नाव अजून आमच्या यादीत आहे, त्यापुढं लाल खूण आहे. तू आत असताना तो पडला, नुसता खोकला जरी लागला, तरी विचारतील, आत कोण होतं? मग गाडी जाईल, विमा जाईल, अठराही डबे जातील. आणि तू गेलीस तरी सही माझीच लागणार. आत न जाता मी खोटी सही करू?

सेलिना: नको करूस. तुझ्या आईनं तुला तसलं शिकवलं नाही, मीही नाही.

रोवेना: मी तुला अडवू शकत नाही, मावशी. तू निघालीस तर तुझ्यासमोर उभी राहायची माझी छाती नाही. तूच ठरव.

सेलिना: अठरा?

रोवेना: अठरा.

सेलिना: त्यातली ती प्रुडन्स, तिला तर चमच्यानं भरवावं लागतं.

रोवेना: हो.

सेलिना: चल. मी फाटकाशी, लाकडांच्या ढिगाआड थांबेन. आज हाक मारणार नाही. काल मारली ती चूक झाली. माझा आवाज ऐकून त्यानं दार उघडलं, हातानं चाचपलं, हाताला तू लागलीस, मी नव्हे हे कळल्यावर असं तोंड केलं की... चल, निवतंय ते.

(लिअँडरच्या घरापुढं. धुकं आहे. रोवेना डबा घेऊन बंद दाराशी, सेलिना मागं फाटकाजवळ.)

रोवेना: लिअँडरकाका! मी रोवेना. आयडाची मुलगी. जेवण आणलंय. खारं मांस आहे, वाटाण्याचं पुडिंग आहे.

लिअँडर: आयडाची मुलगी अल्बर्टात असते.

रोवेना: तीन वर्षं झाली परत येऊन.

लिअँडर: तुझ्या हातात कागद आहे. खसखस ऐकू येते मला.

रोवेना: सहीचा कागद आहे, काका. तुम्ही जेवलात एवढंच लिहायचं असतं.

लिअँडर: माझी बहीणही असल्याच एका कागदावर वृद्धाश्रमात गेली. सेलिनाला पाठव.

रोवेना: ती आज येऊ शकत नाही.

लिअँडर: काल आली होती. बाहेरनं हाक मारली, आत आली नाही. तिचा नवरा आणि मी एका होडीत वीस वर्षं काढली. माझ्या उंबऱ्यावर थांबायची नाही ती कधी. माझं काय चुकलं, विचार तिला. मी माफी मागतो. जे असेल त्याची मागतो.

रोवेना: तुमचं काही चुकलं नाही.

लिअँडर: मग ती यायची थांबली का? जा तू. तिची वाट बघतो मी.

रोवेना: (फाटकाशी परत येऊन) मावशी, तू ऐकलंस?

सेलिना: हळू बोल. त्याचे डोळे गेलेत, कान सशाचे आहेत.

रोवेना: रडतोय तो.

सेलिना: कळतं मला. जा परत. सांग त्याला, सेलिना मेली.

रोवेना: काहीतरीच काय!

सेलिना: जित्या माणसाची माणूस वाट बघत बसतं. मेलेल्याची किती बघेल? दार उघडेल, दोन घास खाईल. तू सही कर, खरी सही.

रोवेना: माझ्या तोंडून नाही निघायचं ते.

सेलिना: निघेल. उद्या नर्स आहे. आणि हे बघ, त्याला मांस बारीक करून दे, डावीकडचे दात नाहीत. चहात साखर तीन. नको म्हणाला तरी तीन. जा.

रोवेना: (पुन्हा दाराशी जाऊन) काका... दाराजवळ आहात ना?

लिअँडर: अजून आहेस तू?

रोवेना: सेलिनामावशी गेली, काका.

लिअँडर: कुठं गेली?

रोवेना: गेली. वारली.

लिअँडर: काल तर हाक मारली तिनं.

रोवेना: त्याच्यानंतर. संध्याकाळी.

लिअँडर: म्हणून आली नाही होय. बरं नव्हतं तिला. आणि मी काय काय मनात आणलं. थांब, पोरी. कडी सापडत नाही हाताला.

रोवेना: सावकाश, काका. घाई नाही.

लिअँडर: उघडलं का? हां. डबा कुठंय? गरम आहे अजून. झाकण घट्ट लाव, धुक्यानं निवेल.

रोवेना: आत आणते ना. टेबलावर मांडते, तुम्ही बसा.

लिअँडर: माझ्या टेबलावर कशाला? आज तिच्या घरी चूल पेटली नसेल. आधी तिकडे ने.