पान एकोणीसवरची नदी

हॅलो?

हो शुभा, ज्ञानदाच बोलतेय. या घरात दुसरं कोण उचलणार?

नाही गं, झोपले कशाला असेन, सकाळचे नऊ वाजलेत. गळ बांधत बसलेय… कुठे जाणार? कुठेच नाही. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं, म्हणून बांधतेय.

हो. रागावलेय. चार दिवस तुझे फोन मुद्दामच उचलले नाहीत. आत्ता चष्मा नव्हता, मला वाटलं फार्मसीचा आहे.

काय सांगायचंय?… ते नंतर. आधी माझं ऐक… नाही, आधी माझं. तू संपादक असशील महाराष्ट्र मंडळाच्या अंकाची, माझी नाहीस.

मंडळाच्या पाडवा अंकात माझा लेख छापलास, पान एकोणीस. बरोबर? आणि त्यात मॉमी नदीवरची माझी जागा छापलीस. रस्ता, जुनं धान्याचं कोठार, तिथून तिसरं फाटक, हिरवी पत्रपेटी. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा इतका नीट पत्ता देत नाहीत. आणि रविवारी सकाळी वॉल्टरच्या हिरवळीवर अकरा गाड्या. अकरा, शुभा. मी मोजल्या.

पाहिल्या म्हणजे? साडेसातला पोचले, पाहिल्या, आणि गाडी वळवून घरी आले. कुठल्या तोंडाने उतरणार होते मी?

"काय एवढं झालं" म्हणू नकोस. लेख तूच टाइप केलास ना? मग तुला माहीत आहे वॉल्टर कोण. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, काचेच्या कारखान्यात जन्म गेला, बायको गेली, एकटा राहतो. त्याच्या परसातल्या पायऱ्या उतरलं की नदी. बावीस वर्षं त्याने मला त्या फाटकातून आत घेतलंय, आणि अट काय? कुणाला सांगायचं नाही. एवढीच. भाडं नाही, काही नाही.

आणि हा शेवटचा वसंत आहे गं. तीस तारखेला त्याची मुलगी येतेय, कॅरल. घर विकून त्याला कोलंबसला नेणार. मासे फार तर वीस एप्रिलपर्यंत असतात नदीत. आपल्याकडे देवगडला पावसात चढणीचे मासे यायचे ना, तसे हे वॉलआय इथे वसंतात तळ्यातून वर चढतात, अंडी घालतात, परत जातात. कुणासाठी थांबत नाहीत… आज दहा तारीख. दहा दिवस राहिलेत. कळतंय का तुला?

काय?… "आनंद वाटल्याने वाढतो." बरं. मासे वाढत नाहीत वाटल्याने.

अगं, ज्या वहीतून लेख उतरवला ती मी मराठीत का लिहीत होते? काठावरचे सगळे त्यात डोकावतात म्हणून. पाणी किती थंड, कुठला रंग चालला, कुठल्या खडकाखाली मासा लागला, सगळं मराठीत. बावीस वर्षांत एका माणसाला एक अक्षर कळलं नाही. अख्ख्या ओहायोपासून लपवलं, आणि जी दोनशे चाळीस घरं ते वाचू शकतात त्यांच्याच हातात नेऊन दिलं. दिलं म्हणजे, तू दिलंस.

मी?

नाही, मी तुला सांगितलं होतं तो परिच्छेद काढ… सांगितलं होतं. सांगायचं मनात होतं… प्रूफ? हो, प्रूफ पाहिलं मी. म्हणून काय?

हो. ते मी केलं. तू "दुसरं फाटक" टाइप केलं होतंस, मी लाल पेनने "तिसरं" केलं. लिहिलंय तर बरोबर असू दे, असं वाटलं मला… हसू नकोस. हसतेयस तू. मी बोटही लावलं नसतं तर अकरा गाड्या शेजारच्या त्या कुत्रेवाल्याकडे गेल्या असत्या, आणि पुढचं सगळं त्या कुत्र्यांनी पाहून घेतलं असतं.

मान्य आहे. वॉल्टर चाललाच आहे, आता कोण वाचतंय, असं म्हटलं मी मनाशी. आणि खरं सांगू? अंक आला तेव्हा आधी माझा फोटो पाहिला, फाटक नंतर. झालं समाधान? पण म्हणून तुझ्यावरचा राग कमी होत नाही. दोघींना पुरेल इतका आहे.

आणि मंडळातल्या पोरांतलं ते ध्यान, परीक्षित. त्याने लेखावरून नकाशात खूण करून ग्रुपवर टाकली. "ज्ञानदा काकूज सीक्रेट स्पॉट." नको तितका हुशार आहे तो. मग ग्रुपवर फोटो आले. कोण बुटांसकट पाण्यात, कोण ड्रोन उडवतोय, कोण काठावर स्टोव्ह मांडून पोहे करतोय. एकाच्या हातात मासा, आणि गळ त्याच्या शेपटीत. अगं, तोंडात गळ नसेल तर मासा सोडायचा असतो, कायदा आहे तो. मी लिहिलंय. पाणी पंचेचाळीस फॅरनहाइटच्या आसपास हवं, लिहिलंय. जरा वरच्या अंगाला टाकायचं, दोरीला लावलेलं शिसं तळाला टेकलं पाहिजे, खडकांवरून टक टक करत खाली येतं, आणि ती टकटक थांबली की हात उचलायचा… तेही लिहिलंय. कुणी वाचलं? फाटकापर्यंत वाचलं सगळ्यांनी आणि गाड्या काढल्या.

थांब, मुख्य राहिलं. बाथरूम.

हो, माहीत आहे मला. परीक्षितनेच लिहिलं होतं, "अंकल सो स्वीट, सगळ्यांना बाथरूम वापरू दिली." चाळीस माणसं, शुभा. शहरातली ड्रेनेज नाही ती, अंगणाखाली जुनी सेप्टिक टाकी आहे, एका म्हाताऱ्यापुरती. आणि त्याने आत घेतलं का, माहितीये? प्रत्येक जण दारात उभं राहून म्हणाला, ज्ञानदा काकूंनी पाठवलंय. पेढ्यांचा बॉक्स पुढे करून. माझं नाव सांगून त्या माणसाच्या घरात शिरले. मी बावीस वर्षांत त्याच्या बाथरूममध्ये चारदा गेले असेन.

…सोमवारी. सोमवारी परत गेले होते मी, बोलावं म्हणून. टाकी उपसायचा ट्रक उभा होता. आणि फाटकाला साखळी. एवढं मोठं कुलूप. बावीस वर्षांत त्या फाटकाला कडी पाहिली नाही मी. मग मी काय समजायचं ते समजले. परत फिरले, आणि मंडळाचा ग्रुप सोडला.

फोन? नाही केला. काय बोलणार? "वॉल्टर, सॉरी, माझी माणसं होती"? त्यानेही केला नाही… तो नाहीच करत गं कधी कुणाला.

काय? नंतर कॉफी दिली त्याने? कुणाला?

अंक फ्रिजवर लावलाय, तो मीच दिलाय त्याला. त्याचा फोटो आहे ना त्यात, म्हणून… हो, पायऱ्यांवरचा…

थांब.

फ्रिजवर लावलाय हे तुला काय माहीत?

तू होतीस तिथे. कुठल्या गाडीत?… परीक्षितच्या. मागच्या सीटवर. वा. इतका वेळ मी कुणाशी बोलतेय? तू मासा खात नाहीस, शुभा. कोळंबीचा वास आला तर खिडकी उघडतेस. तू काय करायला गेली होतीस?

जागा बघायला. लेख वाचून जागा बघावीशी वाटली. छान. तिकीट लावायचं मग.

…नदीवर गेलीच नाहीस? मग?… दोन तास त्याच्या स्वयंपाकघरात? थंडी वाजत होती. बरं. आणि काय बोललात दोन तास?

काय वाचून दाखवलंस?

माझा लेख. त्याला. इंग्लिशमधून… कुणी सांगितलं होतं तुला?… तो म्हणाला? अंक फ्रिजवरून काढून तुझ्यासमोर ठेवला? मला विचारलं होतं त्याने, यात काय आहे. मी सांगितलं होतं, तू भला माणूस आहेस असं आहे. तेवढं पुरे होतं त्याला.

सगळा वाचलास?

…ते पण? अरुण गेल्यानंतरचं?

शुभा, ते मी मराठीत लिहिलं होतं. मराठीत होतं म्हणूनच लिहिलं मी ते. हा दरवाजा बंद आहे असं समजून माणूस काहीतरी बोलतो, आणि तू… चिडू नको तर काय करू? तुला अक्कल नाही का जराही?

…छापलं होतं, हो. कबूल. दोनशे चाळीस घरांत गेलं, तेही कबूल. त्यांचं मला काही नाही. त्यांनी फाटकापुढे वाचलंच नाही ना. पण वॉल्टर… अगं, नवरा गेला त्या वसंतात मी गळच लावला नव्हता दोरीला. नुसतं शिसं. दोन महिने. मला मासा नको होता, कुणाला मारायचं नव्हतं. नुसतं पाण्यात उभं राहायचं होतं आणि हाताला काहीतरी चाळा हवा होता. तो शेजारी उभा असायचा. कधी काही विचारलं नाही. निघताना रोज म्हणायचा, उद्या लागेल. मी म्हणायचे, हो, उद्या. सहा वर्षं मला वाटतंय की मी त्याला फसवलं. आणि तू जाऊन त्याला सांगितलंस.

काय म्हणाला?

नाही, थांब, नीट सांग. त्याच्याच शब्दांत सांग.

पहिल्या दिवसापासून?

…आहे. आहे मी लाइनवर. पक्कड खाली पडली.

कसं कळलं म्हणे?… मी हुक सोडवायला एकदाही थांबले नाही. खडकात अडकतो ना सारखा. माझा दोन महिन्यांत एकदाही अडकला नाही. हं. बरोबर आहे त्याचं. असलं लपत नाही त्याच्यापासून.

तो परिच्छेद परत वाचायला लावला?… बरं.

नाही रडत. सर्दी आहे. बोल पुढे.

मंगळवारी? मंगळवारी परत गेलीस? कशाला?… परीक्षितला घेऊन. माफी मागायला. हिरवळीत चाकोऱ्या पडल्या होत्या तिथे माती टाकलीत, बी पेरलंत… बरं केलंत. परीक्षितने फावडं मारलं? त्याला फावडं कुठल्या बाजूने धरतात ते माहीत होतं का?

पण आत गेलात कसे? साखळी आहे ना…

कॅरलने लावली? ती रविवारी संध्याकाळी आली होती? लोकांसाठी. म्हणजे… माझ्यासाठी नाही.

चावी कुठे?

गॅरेजमधला फ्रिज. गळाला लावायच्या किड्यांच्या डब्याखाली. गॅरेजच्या बाजूला पायवाट आहे ना कुंपणाची, तिकडून जाते मी पावसात… हो, माहीत आहे मला डबा, मीच दिलाय, श्रीखंडाचा आहे. त्याने सांगितलं तुला? मला सांगायला सांगितलं?… पाणी सेहेचाळीसवर आलंय, नर चढलेत, ज्ञानदा का येत नाही.

आणि तू हे मंगळवारी का नाही सांगितलंस मला? दोन दिवस पोटात ठेवून काय…

हो.

…हो, नाही उचलला मी. किती वेळा?… सतरा. व्हॉइसमेल मी उघडत नाही, ठाऊक आहे ना तुला, त्यावर सगळे विमेवाले असतात. मग घरी यायचं… आली होतीस? ती बेल तुझी होती? मला वाटलं… जाऊ दे काय वाटलं ते. मला पडद्यातून परीक्षितची गाडी दिसली आणि मी दिवा घालवला.

रागावलेली आहे अजून. तुझ्यावर आहे, त्याच्यावर आहे. माफबिफ काही केलेलं नाही, पाडवा होऊन गेला म्हणून गोड बोलणार नाही मी. नाही, तुम्ही कुणी यायचं नाही… पुढच्या वर्षी नेईन कुठल्यातरी दुसऱ्या काठावर. आता नको.

अजून काय?… बोल लवकर, मी बूट शोधतेय.

कुठल्या पायरीवर बसला होता तो?

खालच्या. पाण्याजवळच्या… पाण्यात उतरायचे ते रबरी वेडर्स घालून? छातीपर्यंत?… मंगळवारी दुपारी? उतरला नव्हता ना पाण्यात? कॅरलने बजावलंय, ज्ञानदा सोबत असेल तरच गुडघ्यापर्यंत… हो, मीच धरते त्याचं कोपर. त्याने शब्द दिला की दिला. तो नाही उतरणार एकटा.

काय म्हणाला, इथे का बसलायस असं तू विचारलंस तेव्हा?

उद्या येईल.

आणि मी इथे घरात बसून साठ गळ बांधले. ठेव फोन, शुभा. ठेव, आज चौथा दिवस आहे, तो परत तिथे बसला असेल.