न शिवलेली

शीला — तीनदा मोजलं, बाबा. मागच्या दोन रांगा बघा, ताडमाड वाढल्यात. एकतीस, तीस, बत्तीस सेंटिमीटर. आणि पुढच्या दोन रांगा? एकोणीस, अठरा, एकोणीस! एकच ट्रे, एकच माती, एकाच दिवशी पेरलेला घेवडा. असं होईलच कसं?

बाबा — थंडी लागली असंन. दार तिकडूनच उघडते.

शीला — ग्रीनहाउस आहे हे! बाहेर मिशिगनचा मार्च असला तरी आत पंचवीस डिग्री आहे. हीटर चेक केला, लाइट्स चेक केले, पाणी चेक केलं. सगळं ओके. एकच कारण उरतं. या रोपांना कोणीतरी हात लावलाय.

बाबा — एवढ्याशा हातानं काय होते?

शीला — तेच तर होतं ना! माझा अख्खा थिसिस त्याच्यावर आहे. लाजाळूला बोट लावलं की मिटते, ते डोळ्यांना दिसतं. घेवड्याचं दिसत नाही. पण रोज हात लागला की तो उंच व्हायचं थांबवतो आणि खोड जाड करत बसतो. म्हणून तर त्या ट्रेतली रोपं आपण रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा चोळतो, आणि या ट्रेला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. मग दोघांची उंची ताडून बघायची. परवा शुक्रवारी कमिटीपुढे तेच दाखवायचं होतं मला.

बाबा — अन् नाही दाखवलं त?

शीला — तर पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, ते ठरवतील. चार वर्षं घातलीत इथे, बाबा. चार वर्षं! रडू येतंय मला.

बाबा — रडू नको, पोरी. निघंन काही रस्ता.

शीला — रस्ता एकच आहे. ज्याने केलं त्याचं नाव गाइडला सांगायचं. ग्रीनहाउसची किल्ली दोघांकडेच आहे, माझ्याकडे आणि लॅबमधल्या वेनकडे. पाणी तोच घालतो. घाईघाईत पाइप घासत नेत असणार पुढच्या रांगांवरून. दुपारी जाऊन सांगते.

बाबा — वेनचं नाव नको सांगू.

शीला — तो तुमच्या लिनकाकांचा जावई आहे म्हणून?

बाबा — त्यासाठी नाही.

शीला — हे बघा बाबा, तुमची दोघांची लाँड्री रूममध्ये दोस्ती झाली, मला आनंदच आहे. इथे आल्यावर महिनाभर तुम्ही खिडकीतून बर्फ बघत बसायचात, माझा जीव तुटायचा. पण दोस्तीपायी मी माझं काम...

बाबा — वेननं नाही केलं, शीला. म्या केलं.

शीला — काय?

बाबा — म्या लावला हात. पुढच्या दोन रांगाइले. मागं माहा हात पोहोचत नाही, खांदा दुखते. नाहीतर सगळ्याइले लावला असता.

शीला — बाबा... तुम्ही? अहो, मी क्लास घ्यायला जाते तेव्हा विश्वासानं तुमच्याकडे किल्ली देते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, ज्या ट्रेवर ‘टच्ड’ लिहिलंय त्यातलीच रोपं चोळायची! इंग्लिश अक्षरं तुम्हाला माझ्याआधीपासून येतात. आयुष्यभर लाकडात ठसे कोरलेत तुम्ही, पोस्टरचे, हँडबिलांचे. वाचता आलं नाही असं तर म्हणूच नका!

बाबा — वाचता आलं. म्हणूनच त झालं.

शीला — म्हणजे?

बाबा — तुले आठवते, पहिल्या दिवशी म्या विचारलं होतं? त्या दुसऱ्या ट्रेवर ‘अनटच्ड’ लिहून आहे, त्याचा अर्थ काय? तू कोट घालून राहिली होती, उशीर झाला होता तुले. तू म्हणली, ‘न शिवलेली’.

शीला — ...मी असं म्हटलं?

बाबा — हाव. ‘हात न लावलेली’ म्हणली असती त कदाचित काही वाटलं नसतं. तू म्हणली, ‘न शिवलेली, त्यांना शिवायचं नाही.’ अन् भुर्रकन गेली.

शीला — बाबा, माझ्या मनात काहीच नव्हतं हो...

बाबा — मले माहीत आहे ना. तुह्या मनात ते नाही, याचाच मले आनंद आहे. तुले तो शब्द नुसता शब्द वाटते. पण मले रोज दोन वेळा त्या पाटीसमोरून जा लागे. एका ट्रेतल्याले दहा वेळा माया करायची, अन् बाजूच्याइले दुरून पायत निघून जायचं. पंधरा दिवस तसंच केलं. तुही शपथ, एका पानाले धक्का लागू दिला नाही.

शीला — मग सोळाव्या दिवशी काय झालं?

बाबा — लिननं माह्याकडून छापून घेतलं.

शीला — आता लिनकाका कुठे आले यात?

बाबा — ऐकून त घे. तो चिनी बोलते, मी मराठी. पण हत्यार धरायची रीत दोघाची सारखी निघाली. नानजिंगले तो ठसेच कोरे. त्याइच्याकडे कसं आहे, पातळ कागदावर अक्षर लिहायचं, तो कागद नाशपातीच्या लाकडावर उलटा चिकटवायचा, बोटानं घासून घासून अक्षर आरपार दिसू द्यायचं, अन् मंग बाजूचं लाकूड काढायचं. वेन सांगे, हजार-बाराशे वर्षं झाली, बुद्धाची वचनं ते असेच छापत आले. म्या म्हणलं, बापा, आपले भाऊच निघाले हे त!

शीला — (डोळे पुसत हसते) जयभीम केलात वाटतं त्यांना?

बाबा — केला. त्यानंही केला, चिनी लोकाइसारखा वाकून. त्याचं बी सोपं नाही बरं. तिकडं मधात क्रांतीच्या नावानं गोंधळ झाला तवा पोरासोरांनी त्याचे ठसे चुलीत घातले, दहा वर्षं हत्यार हातात धरू दिलं नाही. जुनं आहे, जाळा म्हणे. अन् इथं पाह्य, जावयाच्या किचनमधी बसून पुन्हा सुरू केलं त्यानं.

शीला — त्यांनी तुमच्याकडून छापून घेतलं, म्हणालात.

बाबा — हाव. म्या एक अक्षर कोरलं होतं. त्यानं शाईचा ब्रश माह्या हातात दिला. मी मागं सरलो. तो म्हणे, घे. मी म्हणलं, नाही, तू लाव. त्याले समजेच ना, हा माणूस काहून मागं जाऊन राहिला.

शीला — का गेलात मागे?

बाबा — तुले कधी सांगितलं नाही म्या. नागपूरले ज्या प्रेसले मी पोरपणी ठसे देत होतो ना, तिथं मले उंबऱ्याच्या आत घेत नसत. कोरलेला ठसा उंबऱ्यावर ठेवायचा. मालक त्याच्यावर पाणी शिंपडे, मंग उचले. लाकूड ते! पाणी लागलं का फुगे. अक्षर बिघडे. अन् मंग मलेच बोले, लहू, तुहं काम कच्चं आहे.

शीला — बाई गं! स्वतःच पाणी मारायचं आणि...

बाबा — छप्पनले आपण दीक्षा घेतली, तवा तिथलं काम सोडलं म्या. दुसरीकडं मान मिळाला, पैसा मिळाला, तुले शिकवलं. पण शाईकडं कधी गेलो नाही. कोरायचं अन् देऊन टाकायचं, अशी हाताले सवयच लागली होती. चौसष्ट वर्षाचा झालो मी, शीला. त्या दिवशी लिननं माहा हात धरला अन् माहं अक्षर पहिल्यांदा म्या स्वतः छापलं. शाई लावली, कागद ठेवला, अन् मुठीत मावणारी काथ्याची गादी कागदावर एकदा वरून खाली फिरवली. जोर नाही लावायचा, तो म्हणे. कागद उचलला त हे उमटून आलं. हा कागद पाह्य.

शीला — ‘शी’...

बाबा — तुह्याच नावाचं. दुसरं कोणाचं कोरू?

शीला — बाबा...

बाबा — तिथून चार वाजता मी इथं आलो. हात अजून काळे होते. ती पाटी दिसली. आज नाही, म्हणलं. काही हो, आज नाही. अन् लावला हात. एकदा लावला मंग थांबवेना. दुसऱ्या दिवशी लावला नाही त वाटे, काल जवळ घेतलं अन् आज काहून नाही? असं करता करता... तुहं नुकसान होईन हे डोक्यात आलंच नाही. एवढंसं त शिवतो, म्हणलं. माह्या हातानं तुहं शिक्षण बुडलं त मी तुह्या मायले काय सांगू? तू माहं नाव सांग गाइडले. म्हण, बाप अडाणी आहे.

शीला — गप्प बसा! अडाणी म्हणे. माझ्या बापाला कोणी अडाणी म्हणून तर बघू दे. थांबा... एक मिनिट थांबा. एवढंसं शिवतो म्हणजे किती? दहा वेळा?

बाबा — नाही व. एकदाच. बोटाच्या चिमटीत खोड धरायचं, वरून खाली. जोर न लावता. लिनची गादी फिरवतो तसंच.

शीला — रोज एकदाच? सकाळी पण?

बाबा — फक्त चारच्या वेळी. छापून झालं का इकडं.

शीला — किती दिवस? नक्की आठवतं?

बाबा — आठवायचं कशाले! रोज एक कागद छापतो, लिन त्याच्यावर पेन्सिलनं तारीख टाकते. कोटाच्या खिशात आहेत सगळे. घे, मोज.

शीला — अठ्ठावीस फेब्रुवारी दोन हजार तीन... एक मार्च, दोन, तीन... अठरा मार्च, कालचा. एकोणीस कागद. एकही दिवस चुकला नाही! बाबा, तुम्हाला कळतंय का? दहा-दहा वेळा चोळलेली चौदा सेंटिमीटरवर थांबली. अजिबात हात न लागलेली एकतीस. आणि दिवसातून एकदा, नुसतं एकदा हात फिरवलेली एकोणीस! माझी गाइड म्हणत होती, दहापेक्षा कमी करून बघण्यात अर्थच नाही, रोपाला कळणारसुद्धा नाही.

बाबा — मंग? कळलं त्याइले?

शीला — कळलं म्हणजे काय! एका हातानं एवढा फरक! आणि हात पण कसा, एकसारखा. बघा ना, पुढच्या बारा रोपांत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. माझा हात एवढा एकसारखा पडत नाही, रागात असले की जोर लागतो माझा.

बाबा — ते त पायलं आहे म्या.

शीला — हसू नका. हे असंच दाखवता येणार नाही, ठरवून केलेलं नाही ना. पण जे झालं ते सगळं खरं सांगता येईल. परवा कमिटीला सांगते, चूक झाली, अशी झाली, आणि त्या चुकीतून हे दिसलं. तारखेचे कागदसुद्धा दाखवते. तीन आठवडे मागते. नवीन रोपं उगवलीतच, उद्यापासून सुरू करते, तीन ट्रे. दहा, एक आणि शून्य. एकवाला ट्रे तुमचा.

बाबा — माहा? अन् कोणी काही म्हणलं त?

शीला — म्हणू देत. सांगेन, या कामाला असा हात दुसरा नाही. आणि वेनला... बाप रे, वेनचं नाव घेणार होते मी! संध्याकाळी दोघं जाऊ त्यांच्याकडे. मी पोहे करते.

बाबा — लिनले तिखट चालत नाही.

शीला — बरं, तिखट नाही घालत. आधी ही पाटी काढून फेकू दे मला.

बाबा — फेकू नको. मागची बाजू कोरी आहे, कामी येईन. तीन नवीन पाट्या मी छापून देतो. ‘दहा’ झालं, ‘एक’ झालं. तिसऱ्यावर काय कोरू?

शीला — तुलनेसाठी तशीच ठेवलेल्या रोपांना इथे ‘कंट्रोल’ म्हणतात.

बाबा — मराठीत?

शीला — मराठीत... ताबा? नियंत्रण?

बाबा — कोणाचा ताबा? घेवड्यावर? नको व, पोलीस ठाण्यासारखं वाटते.

शीला — मग... ‘अजून हात लागायचाय’. हे कोराल?

बाबा — अजून?

शीला — हाव, अजून. मोजणी होईपर्यंतच. एकवीस दिवस दम काढा. बाविसावा दिवस दहा एप्रिल, आणि तुमचं विमान अकराला.

बाबा — म्हणजे चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत मी नागपुरात पोहोचतो. बरोबर आहे. कोरतो मी, लंबी ओळ आहे पण बसवतो. पण शीला, एक विचारू?

शीला — विचारा ना.

बाबा — एकवीस दिवस समोरून जातांनी, दुरून जयभीम केला त तुह्या सायन्सले चालते का?

शीला — दुरून चालतो. आणि बाविसाव्या दिवशी, बाबा, पहिला हात तुमचा.