आईची अंडी आणि इन्कम टॅक्स

इन्कम टॅक्सचं नाव निघालं की मला आईच्या कोंबड्या आठवतात. हसू नका, ऐका.

बाबा गेल्यावर त्यांचे पैसे बँकेत ठेवले होते. व्याजातून बँक टॅक्स कापायची आणि इकडे माझी कॉलेजची फी अडलेली. कापलेला टॅक्स परत मिळतो, हे नंदाखालसारख्या खेड्यात आम्हाला कोण सांगणार? देवाच्या दयेनं टॅक्स खात्यातून रिटायर झालेले एक काका रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये लोकांचे फॉर्म फुकट भरून द्यायचे.

काकांनी आईला विचारलं, "आणखी काही उत्पन्न?"

झालं! पापांची कबुली द्यायला कुमसाराला बसल्यासारखे आईनं हात जोडले. "अंडी विकते. आनि शेजारणीनं मागितली तेव्हा खोटं बोलले, कोंबड्या घालत नाहीत म्हनून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, खोटं बोललात ते फादरना सांगा. अंडी धरली तरी तुमचा टॅक्स शून्यच. कागदावर नकोत ती."

कापलेल्या टॅक्सचा चेक आला, फी भरली. आई टोपलीभर अंडी घेऊन काकांच्या दारात.

"मी कोणाकडून काही घेत नाही हो," काका म्हणाले.

"कागदावर घेतली नाहीत," आई म्हणाली, "आता घरात तरी घ्या!"