टोपीतली चिठ्ठी

—बस की, रिकामीच आहे खुर्ची. थांब, पर्स उचलते माझी. शिक्षिका म्हणून पहिलंच वर्ष ना तुझं? ओळखलं मी — वही उघडून बसलीयस म्हणून! अगं, या शिक्षकांच्या प्रशिक्षणात कोणी लिहून घेत नाही. डोनट खायचा, सकाळी एक सही, संध्याकाळी एक सही, मधले सहा तास कसेबसे ढकलायचे. एकतीस वर्षं केंटकीत अमेरिकेचा इतिहास शिकवतेय मी, आणि दर जूनमध्ये कोणीतरी पोरगेलासा येऊन मला तो कसा शिकवायचा ते सांगतो. एकदा काय, तर भिंतीवर रंगीत कागद चिकटवा. एकदा काय, तर मुलांना इतिहास नुसता सांगू नका, जगू द्या — त्यासाठीचा एक खेळ याच हॉलमध्ये शिकले मी. प्रमाणपत्र आहे घरी.

कसला खेळ म्हणजे? चिठ्ठ्यांचा गं. टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या — मळ्याचा मालक, मुकादम, गुलाम — ज्याला जी येईल ती भूमिका त्यानं तासभर निभावायची. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश. काय वाईट होतं त्यात? काही नाही. म्हणजे — यंदा वर्गात एकच काळी मुलगी होती, इमानी. पहिल्या बाकावर बसायची, हुशार. तिला कुठली चिठ्ठी आली असेल, सांग. मी मुद्दाम नाही हं दिली! टोपीतूनच आली. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, बदलून मिळेल?” आणि मी — हसले गं मी. म्हटलं, “तेव्हा कुणाला मिळत होती बदलून?” फार शहाणं बोलले असं वाटलं होतं मला. मग तासभर पोरं सांगतील तसा ती फळा पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ओरडली नाही. चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. तेव्हापासून इमानी शेवटच्या बाकावर. हात वर करत नाही.

म्हणून यंदा हे प्रशिक्षण सक्तीचं केलंय मला. आज संध्याकाळची सही झाली नाही, तर तीस तारखेला शिकवायचा परवाना संपला, नोकरी संपली. तेव्हा आज तोंडातून ब्र काढायचा नाही, असं ठरवूनच आलेय. तो बघ, उठला आपला प्रशिक्षक... काय आहे गं त्याच्या हातात? टोपी?

नाही.

नको, तू नको उठूस, तुझं पहिलं वर्ष आहे. ती पर्स दे इकडे. आणि चिठ्ठी नको वाटली ना, तर बदलून माग — हसला तरी माग. माझी सही गेली तर गेली. सरक जरा. जाऊ दे मला.