एक जूनच्या पोरी

कुठनं सुरू करू, जन्मापासनंच करतो की. माझी जन्मतारीख एक जून, म्हणजे कागदावर ओ, खरी कुणाला माहीत. निपाणीजवळच्या खेड्यातली मी, आई विड्या वळायची, तिला विचारलं तर म्हणायची, सुमन, थंडी लई होती नि तंबाखूचा वास घरभर होता तेव्हा झालीस, एवढंच. शाळेत घालताना मास्तर म्हणाले तारीख काय लिहू, बाबा म्हणाले तुम्हीच बघा काय ते, मग मास्तरांनी लिहिली एक जून, शाळा उघडायची तारीख, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, तुम्ही लिहिताना ते सुधारू नका.

लग्न होऊन बेंगळूरला आलो, मालक कारखान्यात फिटर, मला मराठी येतंय, कन्नड येतंय, अक्षर बरं, म्हणून महादेवपुऱ्यात ह्या शाळेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा ह्या काचेच्या इमारती नव्हत्या इकडं. मग इमारती आल्या नि त्या बांधायला माणसं आली, यादगीरची, रायचूरची, नि त्यांची पोरं आमच्या शाळेत. आई एक कडेवर नि एक हाताला धरून दारात उभी, जन्मदाखला नाही, तारीख विचारली तर म्हणणार, अक्का, तुम्हीच घाला की. मग मी काय घालणार, एक जून. काय सांगू तुम्हाला, किती पोरांना मी एक जूनला जन्माला घातलं असंल!

पण एक होतं. रजिस्टरात अंगावरच्या खुणेचा रकाना असतो, तो मी कधी मोकळा सोडला नाही. पोराला खिडकीपाशी उजेडात न्यायचो, कुठं तीळ, कुठं भाजल्याचा डाग, नीट बघून लिहायचो. मालक चेष्टा करायचे, तू शाळेत नोकरीला आहेस का पोलीस ठाण्यात.

मग कॉम्प्युटर आला. हेडमिस्ट्रेस मॅडम म्हणाल्या, सुमनक्का, सगळी रजिस्टरं आता ह्याच्यात घालायची, जुनी नवी सगळी. मला आधी भ्याच वाटलं, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, आता ह्या वयात काय शिकू. पण आमची कॉम्प्युटरची दीपा मिस, लेकीच्या वयाची, लई गोड पोरगी, ती म्हणाली अक्का, स्वल्प स्वल्प करू, म्हणजे थोडं थोडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन बोटांनी टिपत टिपत मी सगळी पोरं आत घातली, नि खोटं कशाला बोलू, मला आवडाय लागलं. नाव घाला, पोरगं समोर हजर, पानं चाळायला नकोत. त्यात खुणेचा रकाना नव्हता तेवढं जरा खटकलं, पण पुढचं नाव घालायला घेतलं.

आता माझी चूक सांगतो. एक दिवस कॉम्प्युटरनं विचारलं, रेणुका, बापाचं नाव यल्लप्पा, जन्म एक जून, साल तेच, ही मुलगी दोनदा घातलीय, एक करू का. त्याआधी खरंच दोनचार पोरं मी दोनदा घातलेली, तेव्हा दीपा मिस हसलेली. म्हटलं परत तेच झालं, नि रजिस्टर उघडून न बघता, होय म्हणून दाबलं. झालं. यादगीर-रायचूरकडच्या माणसांत देवीच्या नावानं घरटी एक रेणुका नि एक यल्लप्पा, हे मला कळायला नको होतं?

दहावीची नावं बोर्डाला पाठवायची वेळ आली, शेवटच्या तारखेला दोन दिवस उरलेले, वर्गाच्या बाईंनी यादी वाचली तर रेणुका नाही. कॉम्प्युटर म्हणतोय ही मुलगी सहावीतच दाखला घेऊन गावी गेली, म्हणजे गेलेली ती दुसरी रेणुका, नि ही पोरगी तर माझ्या टेबलासमोर उभी राहून रडालती. आई सिमेंटची घमेली उचलतीय, घरात दहावीपर्यंत आलेली हीच पहिली, नि हिला परीक्षेलाच बसता येणार नाही? मॅडमना सरळ सांगितलं, तारीख मीच घातली, बटण पण मीच दाबलं, काय बोलायचं ते मला बोला.

त्या म्हणाल्या, जुनी रजिस्टरं कुठायत? स्टोअररूममध्ये, सतरंज्यांखाली, रद्दीला काढून सुतळीनं बांधलेली. दीपा मिस नि मी धुळीत बसून गठ्ठे सोडले. सापडल्या दोन रेणुका. एकीच्या डाव्या गालावर तीळ, दुसरीच्या उजव्या भुवईवर टाक्याची खूण, माझंच अक्षर. पोरीला म्हटलं बाळ, केस मागं घे. भुवईवर पांढरी रेघ, ही एवढी. मी खुर्चीत बसलो नि आता मीच रडलो बघा. दीपा मिसनं रजिस्टरातल्या नंबरावरनं दोघींना वेगळं केलं, नाव वेळेत गेलं. मग वर कुणाला तरी मेल पाठवून पाठवून तिनं कॉम्प्युटरात खुणेचा रकाना पण करून घेतला. रजिस्टरं आता लोखंडी कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडं, जाताना दीपा मिसच्या हातात देणार.

रेणुका पास झाली. ह्या एक जूनला दाखला न्यायला आली, आईला घेऊन, पेढे घेऊन. तेवढ्यात तिच्या आईचा नि माझा फोन एकदमच वाजला, कॉम्प्युटर सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो ना, तिच्या आईला तिच्या, मला माझ्या. पोरगी हसली, म्हणाली अक्का, तुमचा पण आजच? मी म्हटलो होय की, आमच्या मास्तरांनी पण असाच घातलेला. मग तिच्या आईला विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं, ही झाली तेव्हा काय चाललेलं? ती म्हणाली, इथंच बेळ्ळंदूरला मोठ्या बिल्डिंगचा स्लॅब घालत होते, दिवसभर घमेली वाहिली, संध्याकाळी पोटात दुखाय लागलं. रेणुकाला हे माहीतच नव्हतं, आईकडं बघतच राहिली. आता मी नवीन आलेल्या प्रत्येक आईला तेच विचारतो, नि तारखेच्या जवळ जाता येतंय तेवढं जातो.

थंडीत झालेली मी नि स्लॅबच्या दिवशी झालेली ती, दोघींनी एक जूनला पेढा खाल्ला. गोड होता ओ. पोरगी शिकू दे, सुखी राहू दे, मला आणखी काय पाहिजे.